सहावी शेगडी

मोरुप आमच्या चुमिकचन गावात घरजावई म्हणून आला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक फौजी कोट आणि भरपूर बढाया होत्या. ट्रंक कुन्झेसनं कोठीत ढकलली, कोट धुऊन वाळत घातला. बढायांचं मात्र तिला काही करता आलं नाही. "मी फौजेत इंजिनं सांभाळायचो," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. प्रत्यक्षात तो हमाल होता. खालच्या कॅम्पातून वरच्या चौक्यांवर डिझेलचे कॅन पाठीवरून न्यायचे, ते तिथल्या इंजिनाशेजारी ठेवायचे आणि चहा पिऊन उतरायचं, एवढाच त्याचा इंजिनाशी संबंध. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याला तसं तोंडावर कोणी म्हणत नसे. घरजावयाला बोलायला आमच्याकडे इतर विषय पुष्कळ असतात.

माझं दुकान कुन्झेसच्या घराला लागूनच, खालच्या अंगाला. भिंत एकच, त्यामुळे त्या घरातलं मला जरा जास्तच ऐकू येतं. कुन्झेसला भाऊ नव्हता. अशा वेळी घर थोरल्या मुलीकडे जातं आणि तिचा नवरा तिच्याकडे राहायला येतो, ह्यात आमच्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कमीपणा पुढे रोजच्या वागण्यातून येतो. झो, म्हणजे याक आणि गायीचं संकराचं जनावर, कुठला विकायचा, सातू कधी कापायचा, पाहुण्याला कोणत्या पेल्यात चहा द्यायचा, हे सगळं कुन्झेस ठरवायची. मोरुपनं काही सुचवलं की ती "हं" म्हणायची. तिचं "हं" मी भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा ओळखेन.

मशीन गावात आलं ते कुन्झेसच्या वडिलांमुळे. मेमे इशे, सगळं गाव त्यांना मेमे म्हणजे आजोबाच म्हणायचं, तेव्हा गावाचे गोबा होते, म्हणजे पाटीलच म्हणा. लेहला फौजेनं जुन्या सामानाचा लिलाव काढला होता. मेमे गेले होते गावच्या कार्यासाठी तंबू आणायला आणि घेऊन आले डिझेलचा जनरेटर. हिरवा रंग, दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला, अंगावर पांढऱ्या रंगात फौजेचे आकडे, एका घड्याळाची काच फुटलेली. पुलापर्यंत ट्रकनं आला, पुलापासून वर गावानं दोर लावून ओढला. चालू करायचा दिवस लामांनी काढून दिला. त्या दिवशी बायकांनी मशीनला पांढरे खतग, म्हणजे मानाचे रेशमी पट्टे, वाहिले, नवरदेवाला वाहावेत तसे, जिथे जागा मिळेल तिथे बांधले. मशीन चालू झालं, टाळ्या पडल्या, आणि घटकाभरात ते धापा टाकत काळा धूर ओकून बंद पडलं. कोणी म्हणालं, लिलावाचा माल, फसवलं. कोणी म्हणालं, दिवस चुकला.

मोरुप मात्र पुढे झाला, बाजूचं एक झाकण उघडलं आणि आत हात घालून खतगाच्या चिंध्या बाहेर काढू लागला. मशीन जिथून हवा ओढतं त्या तोंडावरच कोणी तरी मोठ्या भक्तीनं रेशमी खतग बांधला होता. तो आत ओढला गेला होता.

"ह्याला पण नाक असतं," मोरुप म्हणाला. "नाक सोडून कुठेही बांधा."

त्या दिवसापासून मशीन त्याच्याकडे आलं. त्याला फार कळतं म्हणून नव्हे, आत हात घालायचं धाडस दुसऱ्या कोणात नव्हतं म्हणून.

त्याच संध्याकाळी मेमेंनी नियम घालून दिला. "म्हातारं जनावर आहे. फौजेनं जन्मभर राबवलंय. आता आपल्या दारात आलंय तर त्याच्या पाठीवर ओझं टाकायचं नाही. घरटी एकच बल्ब, तोही चाळीसचा. अंधार पडल्यावर लावायचा, जेवणं झाली की बंद." आमच्याकडे म्हाताऱ्या झोला शेवटची वर्षं नांगराला जुंपत नाहीत, नुसता चारा घालतात. मशीनलाही तोच न्याय. सगळ्यांना तो पटला, मलाही पटला.

मोरुपनं मशीन सांभाळलं, हे मान्य करायला हवं. नदी गोठायला लागली की डिझेल तुपासारखं थिजायचं, मग तो त्यात रॉकेल मिसळायचा. दुपारनंतर शेणीचे निखारे घमेल्यात घेऊन मशीनच्या पोटाखाली सरकवायचा, म्हणजे आतलं तेल सैल व्हायचं. नळीत हवा शिरली की पान्यानं एकेक बोल्ट ढिला करून डिझेलमधले बुडबुडे संपेपर्यंत हातानं पंप मारत बसायचा आणि मारता मारता मशीनला शिव्या द्यायचा. बॅटऱ्या थंडीनं मरतात म्हणून रोज त्या सोडवून घरी न्यायचा आणि स्वयंपाकघरात बुखारीजवळ, म्हणजे लोखंडी चुलीजवळ, ठेवायचा. चुलीजवळची जागा आमच्या घरात सगळ्यांत मानाची. तिथे वडीलधारे बसतात, लामा आले तर लामा. कुन्झेसच्या घरात तिथे दोन बॅटऱ्या बसायच्या आणि मोरुप दाराशी.

"घरात बॅटऱ्यांना जावयापेक्षा मान आहे," कुन्झेसचा मामा एकदा सगळ्यांसमोर म्हणाला. गावात त्याला सगळेच अझांग, म्हणजे मामा म्हणतात. माणूस तोंडाचा तिखट, आणि बहीण लवकर गेल्यामुळे भाचीच्या घरात आपला शब्द चालला पाहिजे असं मानणारा. मोरुपही हसला. तो बढाईखोर होता पण चिडका नव्हता, आणि मला वाटतं हेच त्याचं चुकत होतं.

मेमे इशे गेले त्या वर्षापासून मशीन गळू लागलं. धुराड्याच्या तोंडातून काळी, चिकट लाळ यायची. सुरुवातीला थेंब थेंब, मग धार. खालचा बर्फ काळा पडला. आवाजही बदलला, मशीन कुंथल्यासारखं चालायचं आणि बल्ब लुकलुकायचे. मोरुपनं जाळ्या बदलल्या, तेल बदललं, जे जे उघडता येतं ते उघडून पुसून परत लावलं. लाळ थांबेना. गावात म्हणू लागले की म्हाताऱ्याच्या दुःखानं मशीन रडतंय. मग लामांना बोलावून पूजा झाली, नवे खतग वाहिले, ह्या वेळी नाक सोडून. तरी लाळ चालूच. "म्हाताऱ्यावरचं ओझं आणखी कमी करा," असं ठरलं आणि चाळीसचे बल्ब काढून सगळ्यांनी पंचविसाचे लावले. माझ्या दुकानात पंचविसाचे बल्ब त्या आठवड्यात संपले, त्यामुळे मी ह्या निर्णयाबद्दल काही वाईट बोलले नाही.

पंचविसाच्या बल्बवर मशीन आणखीच गळायला लागलं.

शेवटी मोरुप खालच्या कॅम्पात गेला. तिथे सेल्वराज नावाचा हवालदार होता. फौजेची अशीच मशीनं त्याच्या हाताखाली होती आणि मोरुपला तो पाठीवरच्या कॅनच्या दिवसांपासून ओळखायचा. मोरुप परत आला तो वेगळ्याच चेहऱ्यानं. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडचं बोलणं मी हातातलं काम सोडून ऐकलं.

"हवालदार पोट धरधरून हसला," मोरुप सांगत होता. "म्हणाला, किती बल्ब लावता? सांगितलं. तर म्हणाला, अरे, खेचराच्या पाठीवर काडेपेटी ठेवून त्याला घाट चढवताय! ह्याला काम मिळत नाही म्हणून हे तापत नाही, आणि तापत नाही म्हणून डिझेल अर्धंच जळतं. न जळलेलं ते बाहेर गळतं. मशीन म्हातारं नाही झालेलं कुन्झेस, रिकामं बसून सडतंय. त्याला भरपूर ओझं देऊन दिवसभर पळवायला पाहिजे, सगळी घाण जळून जाईल."

"हं," कुन्झेस म्हणाली.

"बैठकीत तू सांग. तुझं ऐकतील."

"बाबांनी काय सांगितलं होतं?"

"बाबांना माहीत नव्हतं."

"बाबांना माहीत नव्हतं आणि तुला माहीत आहे. फौजेतली इंजिनं सांभाळलीस ना तू!" भांडं आपटल्याचा आवाज आला. "मी नाही सांगणार."

बैठक लोसारच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, आधी गोबाच्या घरी भरली. आमच्या बैठकीत प्रत्येक घराची जागा ठरलेली असते, चुलीपासून दारापर्यंत ओळीनं, आणि ती पिढ्यान् पिढ्या बदलत नाही. कुन्झेसच्या घराची जागा वरून तिसरी. मेमे गेल्यापासून तिथे कुन्झेस बसायची. खरं तर घराच्या नावानं नवऱ्यालाही बसता येतं, पण तिनं त्याला कधी पाठवलं नव्हतं. मोरुप नेहमीप्रमाणे दाराबाहेर, जोड्यांच्या ढिगाशेजारी उभा होता.

अझांगनं विषय काढला. लेहचा भंगारवाला लोसारनंतर येणार आहे, मशीन त्याला देऊन टाकावं. "पाच वर्षं आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला होता आमचा जावई. नागोबानं बीळच खाऊन टाकलं. आता मशीन गेलं की ह्याचं ह्या गावात काम तरी काय? ट्रंक उचलायला हलकी आहे."

सगळे कुन्झेसकडे बघायला लागले. नवऱ्याला घरी परत पाठवायचं तर आमच्याकडे फार सोपस्कार लागत नाहीत, बायकोच्या बाजूच्यांनी ठरवलं की झालं. कुन्झेस चहाच्या पेल्यात बघत राहिली. मी तिची पासपुन, जन्माला आणि मरणाला तिच्या घरी उभी राहणारी. पण त्या वेळी मला तिचा इतका राग आला की माझा चहा मी तसाच खाली ठेवला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "मला एक दिवस द्या. दिवसाउजेडी चालवून दाखवतो. नाही झालं, तर ट्रंक मीच उचलतो."

बैठकीत दारातून बोलायची पद्धत नाही. सगळे अवघडले. आताचा गोबा नवांग, भला माणूस, त्याला भांडण नको असतं. "एक दिवस घे," तो म्हणाला. "पिंपातलं डिझेलही घे. पण ते गावाचं आहे. वाया घालवायचं नाही. नुसतंच जाळलंस, तर तिथल्या तिथे बंद करीन."

मोरुपनं बस-ड्रायव्हरकडून लेहहून जाड कॉइल मागवल्या. चुलींसाठी आम्ही आणतो तीच पिवळी माती आणून त्यानं सहा विटा थापल्या, त्यात खाचा कोरल्या, सावलीत वाळवल्या आणि खाचांमध्ये कॉइल बसवल्या. विजेच्या सहा शेगड्या तयार झाल्या. पूर्वी गावात असं काही नव्हतंच, कारण घरटी एका बल्बवर काय पेटणार! मशीनच्या खोपटाबाहेर त्यानं त्या ओळीनं मांडल्या, जाड तारांनी जोडल्या, प्रत्येकीला वेगळं बटण.

उन्हाची तिरीप खोपटावर आली तेव्हा मशीन सुरू झालं. सगळं गाव जमलं होतं. थंडीत आमच्याकडे करमणूक कमी. मोरुपनं पहिल्या शेगडीच्या बटणाला हात लावला आणि नवांग म्हणाला, "थांब. तिच्यावर काय आहे?"

"काही नाही. ओझं म्हणून जाळायची."

"रिकामी शेगडी जाळणार? हेच वाया घालवणं."

"अरे पण..."

"भांडं नाही तर बटण नाही," नवांग म्हणाला. म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. रिकामी चूल पेटती ठेवली तर घरातली बरकत जाते, हे तर सगळ्यांनाच माहीत.

मी घरी गेले आणि सलगमांचं पातेलं घेऊन आले. मला मोरुपची दया आली होती असं कोणी समजू नये. फुकटचा विस्तव होता आणि माझी लाकडं संपत आली होती. पातेलं ठेवलं, बटण दाबलं, कॉइल लाल झाली. मशीनचा आवाज किंचित जाड झाला. मग शेजारणीनं चहाचं पाणी आणलं. गोंपातल्या, म्हणजे मठातल्या, स्वयंपाक्यानं थुक्पाच्या सुपाचं भांडं आणलं. फुकट ते पौष्टिक, हे कळायला कोणाला शाळेत जावं लागत नाही. दुपारपर्यंत पाच शेगड्यांवर पाच भांडी रटरटत होती, मुलं पेले घेऊन रांगेत उभी होती, आणि घराघरांतून भर उन्हात बल्ब जळत होते, कारण मोरुपनं सगळ्यांना ते लावायला सांगितले होते. उन्हातला बल्ब इतका खुळा दिसतो की लोक एकमेकांच्या खिडक्या बघून हसत होते.

सहावी शेगडी रिकामीच होती. मोरुप सारखा तिच्याकडे बघत होता.

धुराड्यातून आधी पांढरा धूर आला, मग निळा, मग काळा. लाळ वाढली. मोरुपनं आवाजाकडे कान लावला होता आणि बढाई मारायचं विसरला होता. अचानक धुराड्याच्या आत काही तरी फुरफुरलं, ठिणग्या उडाल्या आणि तोंडातून हातभर ज्वाळा बाहेर आली.

बायका किंचाळल्या. भांडी तशीच टाकून लोक मागे पळाले. "बंद कर!" अझांग ओरडला. "गाव पेटवशील, मेल्या, बंद कर!"

"बंद नाही करायचं!" मोरुप ओरडला. "हवालदारानं सांगितलंय, आतली घाण जळतेय. आत्ता बंद केलं तर सगळी परत आत गोठेल. ओझं वाढवायला पाहिजे. सहावी लावा!"

"भांडं..." नवांग पुटपुटला.

अझांग खोपटात शिरला. मशीन बंद करायचा दांडा लाल रंगाचा आहे, तो कोणालाही दिसतो. त्यानं हात पुढे केला आणि त्याच्या मनगटावर दुसरा हात पडला. कुन्झेस कधी आली ते मी पाहिलं नव्हतं.

"सोड," अझांग म्हणाला. "तुझ्या बापाचं मशीन आहे हे."

"म्हणूनच," कुन्झेस म्हणाली. ती वळली. चेहरा पांढराफटक पडला होता, तिला त्या ज्वाळेची माझ्याइतकीच भीती वाटत होती. पण सगळ्या गावासमोर तिनं विचारलं, "मोरुप-ले, आता काय करायचं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. त्याच्या नावापुढे तिनं आदराचं "ले" लावलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. परक्या बसड्रायव्हरलाही आम्ही ते लावतो. मोरुपनंही बहुतेक कधी ऐकलं नसावं, कारण तो नुसता तिच्याकडे बघत उभा राहिला.

"सांगा ना!"

"ओझं," तो म्हणाला. "अजून ओझं."

ती पळत घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या पाठीवर मेमे इशेंचा तांब्याचा हंडा होता. छांग ह्या घरगुती दारूसाठी सातू शिजवायचा तो हंडा, मेमे गेल्यापासून कोणी चुलीवर चढवला नव्हता. त्यात तिनं सातू आणि पाणी घातलं होतं, निम्मं पाणी पळताना तिच्या कोटावर सांडलं होतं. हंडा तिनं सहाव्या शेगडीवर ठेवला आणि बटण स्वतः दाबलं.

मशीन क्षणभर दबलं. बल्ब मंद झाले. मग आतून एक भरीव, सरळ आवाज आला, आणि तो तसाच राहिला. ज्वाळा आणखी वाढली, मग पिवळी झाली, मग आखडत आखडत विझली. सूर्य डोंगरामागे जाईपर्यंत धुराड्यावर नुसती गरम हवा थरथरत होती. खालच्या बर्फावर नवीन काळा थेंब पडला नाही.

सातू शिजला. त्याची छांग लोसारला प्यायलो, चांगली झाली होती. भंगारवाला आला त्याला नवांगनं एक फुटकी बादली विकली. बल्ब चाळीसचे झाले, मग साठाचे, आणि पंचविसाचे माझ्याकडे पडून राहिले. मोरुप दुसऱ्याच दिवशी मूळ पदावर आला. "मला पहिल्यापासून माहीत होतं," असं तो आजही सांगतो, आणि हवालदाराचं नाव घ्यायचं विसरतो.

लोसारनंतर पुढची बैठक भरली. मी माझ्या जागेवर बसले होते. कुन्झेसच्या घरातून मोरुप एकटाच आला. दाराबाहेर जोडे काढले आणि सवयीनं तिथेच उभा राहिला.

"कुन्झेस कुठेय?" नवांगनं विचारलं.

"म्हणाली, तुम्ही जा. तिला बॅटऱ्या घरात घ्यायच्या होत्या." तो दोन्ही हात कोटाच्या बाह्यांत घालून उभा होता. "कुठे बसू?"

वरून तिसरी जागा रिकामी होती, चौथ्या जागेवर अझांग होता. त्यानं मोरुपकडे पाहिलं नाही. आपला चहाचा पेला उचलला, गालिच्यावर पसरलेले गुडघे आवरून घेतले आणि मोरुपला जायला वाट करून दिली.